चिंचोटीचा पाऊण तास

मी बोंबील साफ करत होते म्हणून फोन कोपराने स्पीकरवर टाकला, आणि पलीकडच्या बाईचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. "हिल्डा मॅडम ना? पुण्याहून बोलतेय, फेलोशिपच्या ऑफिसमधून. तुमची स्टुडंट विनिता मेस्त्री, तिच्या शिफारसपत्राबद्दल कमिटीला तुमच्याशी दहा मिनिटं बोलायचंय. आज चार वाजता चालेल?" मी म्हटलं, "हो हो, विनिता ना, फार गुणी मुलगी." बाई म्हणाली, "तो चिंचोटीचा प्रसंग तुम्ही लिहिलाय ना, मुख्य त्याबद्दलच विचारायचंय. निवड जवळजवळ त्याच्यावरच अडलीय." मी म्हटलं, "विचारा की, खुशाल विचारा." फोन बंद झाला. नळ चालू होता तो मी बंद केला, हात धुतले, पुसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की विनिता मेस्त्री कोण हे मला माहीत नाही. आणि चिंचोटीला कसला प्रसंग घडला होता हेही नाही.

आता एकतीस वर्षं बॉटनी शिकवल्यावर एखादं नाव आठवत नाही यात नवल ते काय? दरवर्षी साठ पोरं, त्यात चार विनिता, पाच शर्ली. मी स्वतःला असं दटावलं. मी दटावण्यात पटाईत आहे, कॉलेजमध्ये मला मुलं मागून 'मिरची मिस' म्हणतात आणि मला ते आवडतं. पण नाव विसरणं निराळं आणि हे निराळं. 'फार गुणी मुलगी' हे शब्द तोंडातून गेले तेव्हा त्यांच्यामागे चेहरा नव्हता. काहीच नव्हतं. आणि ते 'हो हो' मी ओळखलं. ते माझं नव्हतंच, आईचं होतं. शेवटची सात वर्षं आईने त्या 'हो हो'वर काढली. कोणीही अंगणात आलं की ती तोंडभर हसायची, "हो हो, तू ना, ये, बस." माणूस खूश. गावात सगळे म्हणायचे, म्हातारीची आठवण बघा, अजून माणूस ओळखते. तो माणूस गेला की ती माझा हात दाबून हळूच विचारायची, "कोण गं तो?" पुढे पुढे मला बघूनही ती तसंच हसायला लागली. "हो हो, तू ना, ये, बस." त्या दिवशी मी आंब्याच्या झाडाखाली जाऊन रडले होते. तेव्हा ते झाड होतं. आता तिथे सात मजल्यांची बिल्डिंग आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी रोज संध्याकाळी भजी तळतं.

आमच्या उमेळ्यात हे एक बरं आहे, चुकलं की बिल्डिंगवर ढकलता येतं. मागच्या मार्चमध्ये चर्चमधून येताना मी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि कुठे वळायचं कळेना. डावीकडे पत्रे ठोकलेले, उजवीकडे पाटी, 'टू बीएचके, ताबा लवकरच'. जिथे दर सहा महिन्यांनी वाडी जाऊन टॉवर उगवतो तिथे कोण चुकणार नाही? असं मी रोनाल्डला सांगितलं नाही, मनातच म्हटलं. रोनाल्डला काहीच सांगितलं नाही. तो माझा नवरा आहे, बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. माझी भीती ही एकच गोष्ट मी त्याच्यापासून लपवून ठेवलीय. सकाळी उठल्या उठल्या, डोळे उघडायच्या आत, मी क्रूसाच्या वाटेची, येशूच्या शेवटच्या प्रवासातली, चौदा स्थानं ओळीने मनात म्हणते. चौदाच्या चौदा आली की उठते. रोनाल्डला वाटतं बायको भक्तिभावाने पडलीय. कसली भक्ती आणि कसलं काय, मी माझी परीक्षा घेत असते.

"कोणाचा फोन?" बाहेरून रोनाल्डने विचारलं. "कॉलेजचा," मी म्हटलं. भीती वाटली की मी आधी चिडते. त्यामुळे आधी मी त्या पोरीवर चिडले. कारण शिफारसपत्रांची आमच्याकडची रीत कोणाला माहीत नाही? पोर येतं, "मिस, फेलोशिपसाठी लेटर हवं होतं." आपण म्हणतो, "तूच लिहून आण रे, मी सही करते." मीच नाही, सगळे म्हणतात. मला माझ्या सरांनीही तेच म्हटलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये अशी तीसेक पत्रं येतात, सुपरव्हिजनच्या मधल्या पंधरा मिनिटांत, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात पेन. वाचायला वेळ कोणाला? आणि पोरांनी स्वतःबद्दल लिहिलेलं काय वाचायचं, सगळेच मेहनती, सगळेच जिज्ञासू. म्हणजे या विनिताबाईंनी चिंचोटीचं काहीतरी रचून लिहिलं, मी आंधळेपणाने सही ठोकली, आणि आता पुण्याचे लोक मला उलटंसुलटं विचारणार. खोटारडी कुठली! असं मी मोठ्याने म्हटलं आणि मला एकदम हलकं वाटलं. ती खोटारडी असली की मी शाबूत होते. साधा हिशेब होता. मी देवाला चक्क म्हटलं, ती पोर खोटारडी असू दे.

मग मोबाइलवर जुन्या मेलमध्ये ते पत्र सापडलं. इंग्रजीत होतं, चांगल्या इंग्रजीत. चिंचोटीच्या जंगलात आमच्या फील्ड ट्रिपला आमच्या गटातल्या एका व्यक्तीला अचानक दिशा कळेनाशी झाली आणि ती फार घाबरली. विनिता तिच्याजवळ पाऊण तास बसून राहिली. तिने गलका केला नाही, वर्गातल्या कोणाला बोलावलं नाही, त्या व्यक्तीला लाज वाटेल असं काही होऊ दिलं नाही, आणि आजूबाजूच्या झाडांच्या मदतीनेच तिला हळूहळू भानावर आणलं. खाली माझी सही. माझीच, तो लांब शेपटीचा एच माझाच. मी ते तीनदा वाचलं. रचलेलं असं नसतं. रचताना पोरं वाहून जाणाऱ्याला वाचवतात, साप पकडतात. लाज वाटेल असं होऊ दिलं नाही, हे कोण रचेल?

मग मी ती ट्रिप आठवायला बसले, बोंबील तसेच ताटात. नोव्हेंबर, दोन वर्षांपूर्वीचा. बस आठवली, पिवळी, मागची काच फुटकी. कामणचं वळण आठवलं, तिथे कॅरलला उलटी झाली. बत्तीस मुलं मोजली ते आठवलं. पायवाट सुरू झाली, शर्लीच्या पांढऱ्या बुटांना मी हसले. आणि मग मी बसमध्ये बसलेय, परतीच्या, ऊन उतरलंय, माझ्या पायांना चिखल आहे आणि मुलं गाणी म्हणताहेत. मध्ये? मी पुन्हा पायवाटेपासून सुरुवात केली. पांढरे बूट. मग बस. पुन्हा. पांढरे बूट, बस. धबधबा कुठे गेला? आम्ही त्यासाठीच तर गेलो होतो. दोन वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की मध्ये काही नाहीये. हेच भयंकर होतं. दात पडला तर जीभ तिथे जाते, कळतं. इथे पडलाय हेसुद्धा कळलं नव्हतं. घड्याळात पावणेदोन झाले होते आणि मी तिथे दोन तास बसले होते की दहा मिनिटं, ते मला सांगता आलं नसतं.

रोनाल्ड आत आला, बोंबलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते तळायला घेतले. एरवी मी ओरडले असते, हळद कमी, पीठ जास्त. आज नुसती जेवले. काय जेवले ते माहीत आहे, बोंबील आणि भात, मी स्वतःला बजावत जेवले, बोंबील, भात, सोलकढी. शेवटी अडीच वाजता वर्गाच्या ग्रुपमधून विनिता मेस्त्रीचा नंबर काढला. लावायच्या आधी दहादा थांबले. विचारणार काय? बाई, मी तुला ओळखत नाही, तेवढं तू कोण ते सांग? पण तिने पहिल्या रिंगला उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मिस, त्यांचा फोन आला ना? मला पण आला. मी निघालेच आहे, रिक्षात आहे, पंधरा मिनिटांत पोचते." आणि पत्ता विचारला नाही.

दार रोनाल्डने उघडलं. पोर आत आली आणि मला चेहरा ओळखीचा वाटला, पण कोणताही घाबरलेला चेहरा मला ओळखीचा वाटतो, तोंडी परीक्षेला एकतीस वर्षं तेच बघतेय. बारीक अंगाची, चष्मा, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. मी मिस झाले. "बस. घरी कोण कोण असतं तुझ्या?" ती म्हणाली, "आई-पप्पा. विरारला. मिस, तुम्हाला सांगितलंय मी." मी म्हटलं, "परत सांग." तिने सांगितलं. वडील प्रल्हाद मेस्त्री, अंधेरीला नोकरी. त्यांनी एक वर्ष दिलंय. ही फेलोशिप मिळाली तर दोन वर्षं पुण्याला, जंगलावर काम, नाहीतर जूनपासून बँकेच्या परीक्षांचा क्लास, फॉर्म भरून ठेवलाय. "पप्पा वाईट नाहीत, मिस. ते म्हणतात झाडं बघून पोट भरत नाही. पण मला दुसरं काही येत नाही."

"चिंचोटीचं लिहिलंस ते," मी म्हटलं, "ती कोण मुलगी होती? कमिटी विचारेल." मला वाटलं मी फार हुशारीने विचारलं. विनिताने मान खाली घातली. ओढणी सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाली, "मिस, त्यांना सांगा कॅरल होती. मी कॅरलशी बोललेय, ती हो म्हणेल. त्यांनी फोन केला तरी ती सांभाळून घेईल." मी म्हटलं, "कॅरल होती का?" ती म्हणाली, "नाही." "मग कोण होतं?" स्वयंपाकघरात रोनाल्ड भांडी लावत होता, तो आवाज थांबला. मला कळलं होतं. तिने सांगायच्या आधी कळलं होतं, पण मला ते कोणीतरी म्हणायला हवं होतं, दुखतंय तिथे डॉक्टरनेच बोट ठेवावं तसं. "सांग गं. मी काही खात नाही तुला."

"तुम्ही पुढे गेला होतात," ती म्हणाली. "मी मागून आले तर तुम्ही दगडावर बसला होतात, पर्स मांडीवर धरून. मला म्हणालात, बाळ, माझ्या आईला सांग मी इथे आहे, ती शोधत असेल. मला आधी वाटलं मिस मस्करी करताहेत. मग तुम्ही रडायला लागलात. आवाज न करता. मी खूप घाबरले, मिस. खाली जाऊन कोणाला बोलवावं तर सगळा वर्ग येणार, व्हिडिओ काढणार. मग मला काही सुचेना म्हणून मी एक पान तोडलं आणि विचारलं, मिस, हे काय? तुम्ही लगेच म्हणालात, कुडा. लॅटिन नाव पण सांगितलंत. मग दुसरं आणलं. ऐन. मग करवंद. तुम्ही सगळी बरोबर सांगत होतात, नुसतं मी कोण ते तुम्हाला माहीत नव्हतं. पंचवीस-तीस पानं झाली असतील. आणि एकदम तुम्ही ओरडलात, मेस्त्री, फुकट झाडं काय ओरबाडतेस, शेळी आहेस का! तेव्हा मला कळलं तुम्ही परत आलात."

मला हसू आलं. खरंच आलं, कारण ती शेळी माझीच होती, दुसरं कोणी असं म्हणणार नाही. "मग हे पत्रात कशाला घातलंस, बये?" ती रडत होती आता. "फॉर्मवर होतं ना, कठीण वेळी विद्यार्थ्याने काय केलं ते लिहा. माझ्या आयुष्यात दुसरं काही झालंच नाही, मिस. मी तुमचं नाव घातलं नाही. मला वाटलं तुम्ही वाचाल, नको असेल तर खोडाल. तुम्ही वरून खाली बघितलंत आणि सही केलीत. मला वाटलं तुम्हाला चालतंय. मला वाटलं तुम्हाला... माहीत आहे."

चारला पाच कमी होते. मी उठून खिडकीशी गेले, परत आले. कॅरलचं नाव घ्यावं. काय जातंय? पोरीचं भलं होईल, माझं झाकलेलं राहील. वर्षभराची नोकरी उरलीय, निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, 'मॅडमची स्मरणशक्ती दांडगी' असं प्रिन्सिपलचं भाषण. पण मी ते खोटं मनात म्हणून बघितलं. कॅरल कुठे बसली होती? कॅरलने काय घातलं होतं? उद्या त्यांनी पुन्हा फोन केला, परवा केला, तर मी कोणाचं नाव सांगितलं होतं? खोटं बोलायला आठवण धड लागते. माझ्याजवळ ती नव्हती. मी फार सत्यवादी बाई आहे असं कोणी समजू नये, मला खोटं परवडत नव्हतं एवढंच.

चारच्या ठोक्याला फोन वाजला. तिकडे तिघं होती, त्यातला एक घोगऱ्या आवाजाचा माणूस बोलत होता. "मॅडम, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ही पत्रं मुलं स्वतःच लिहितात हे आम्हाला माहीत आहे. आम्हीही लिहिलीत. पण यंदा दोन पत्रांतले प्रसंग चक्क बनावट निघाले. म्हणून विचारायचं, ही जी व्यक्ती घाबरली होती, तिच्याशी आम्हाला बोलता येईल का?" मी म्हटलं, "बोलताय की." "म्हणजे?" "म्हणजे तिच्याशीच बोलताय. ती मी." विनिताने तोंडावर हात धरला. तो माणूस जरा मऊ झाला. "सॉरी, मॅडम. म्हणजे तुम्हाला तो प्रसंग आठवतो?" आणि हाच प्रश्न मला नको होता. "नाही," मी म्हटलं. "जाताना आठवतं, येताना आठवतं. मधलं नाही. पत्र तिने लिहिलं आणि मी न वाचता सही केली, ती चूक माझी. मला आज दुपारी कळलं. पण मला एक सांगा, खोटंच लिहायचं होतं तर तिने माझी अब्रू झाकून कशाला लिहिलं असतं? दोन वर्षं तिने हे वर्गात कोणाला कळू दिलं नाही. आज तिची फेलोशिप टांगणीला लागली तरी ती मला म्हणत होती, मिस, तुमचं नाव नको, दुसरीचं सांगा. असं पोर मिळत असेल तर घ्या, नाहीतर बसा तुमची यादी चाळत." माझा आवाज चढला होता. घाबरल्यावर चढतोच.

त्यांनी आवाज बंद केला, आपसात बोलले असतील. मग फोनवर एक बाई आली. तिचा आवाज ओला होता की मला तसं वाटलं, कोण जाणे. "विनिता तिथे आहे का? तिला सांगा, मेल आज संध्याकाळपर्यंत जाईल. जूनमध्ये सामान घेऊन या म्हणावं. आणि मॅडम, तुम्ही जपा." मी थँक यू म्हटलं. विनिता माझ्या गळ्यात पडली, मी तिची पाठ थोपटली, आणि तिच्या खांद्यावरून मला रोनाल्ड दिसला. चहाचा ट्रे घेऊन तो दारात उभा होता. सगळं ऐकलं असणार. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते असायला हवं होतं. मी शोधलं, नव्हतं.

"तुला घर माहीत होतं," मी विनिताला म्हटलं. ती बाजूला झाली. चष्मा पुसत म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या फोनवरून मी अंकलना फोन केला होता, मिस. ते कामणला आले होते, बसच्या मागे मागे रिक्षाने, तुम्हाला कळू न देता. नंतर मी दोनदा येऊन गेले इथे." मी रोनाल्डकडे वळले. दोन वर्षं. मी डोळे मिटून चौदा स्थानं मोजत होते आणि हा माणूस शेजारी पडून काय करत होता? "चिंचोटीनंतर?" मी विचारलं. तो म्हणाला, "चहा घे आधी, गार होतोय." "रोनाल्ड, चिंचोटीनंतर कितीदा?" त्याने ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले, कान एका बाजूला. "मोजलं नाही," तो म्हणाला. तो बँकेतला माणूस, न मोजता त्याने आयुष्यात काही सोडलेलं नाही. विनिता उठायला लागली, मी तिचा हात धरून ठेवला. मला तिथे कोणीतरी हवं होतं. "मला भीती वाटतेय," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, विद्यार्थिनीच्या देखत. "शेवटचं कधी ते तरी सांग."

"परवा," रोनाल्ड म्हणाला. "दुपारी. मी इथेच पेपर वाचत होतो. तू पाणी आणून दिलंस आणि विचारलंस, तुम्ही कोणाकडे आलात."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, हिल्डाकडे."

"आणि मी?"

"तू म्हणालीस, बसा, येईलच ती."

"मग?"

"मग बसलो," रोनाल्ड म्हणाला.